दहावीनंतर टॅली, कोडिंग की आयटी? आधी व्यवहार शिकवा, मग संगणक

नौपाडा_जमाखर्च

दहावीची परीक्षा संपली की ठाण्यात स्टेशनपासून घोडबंदरपर्यंत कॉम्प्युटर क्लासचे फलक लागतात आणि आमच्या सोसायटीतले आई-वडील मला एकच प्रश्न विचारतात. मुलाला कॉमर्सला घालायचंय, सुट्टीत टॅली लावू, कोडिंग लावू, की एमएस-सीआयटी? (टॅली हे जमाखर्चाचं सॉफ्टवेअर, एमएस-सीआयटी हा संगणकाची प्राथमिक ओळख करून देणारा कोर्स.) मी वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांचे जमाखर्च लिहिते आणि बारावी झालेली मुलं हाताखाली शिकायला घेते. माझं उत्तर ठरलेलं आहे. ते इथे सविस्तर मांडते, कारण शिक्षकांचं आणि पालकांचं म्हणणंही ऐकायचं आहे.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांकडे टॅलीचं सर्टिफिकेट असतं. एफ८ दाबलं की विक्रीचं व्हाउचर, एफ९ दाबलं की खरेदीचं, हे त्यांना झोपेतही येतं. पण गिऱ्हाइकाने माल परत पाठवला तर डेबिट नोट करायची की क्रेडिट नोट, या प्रश्नाला ती गप्प होतात. आता कोण कोणाचं देणं लागतं, हा प्रश्न त्यांना क्लासमध्ये कोणी विचारलेलाच नसतो. कुठलं बटण दाबायचं एवढंच शिकवलेलं असतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि पडदा बदलला की ते बटणही जागेवर राहत नाही. टॅलीप्राइम २०२० च्या नोव्हेंबरात आलं तेव्हा जुन्या टॅलीत वर्षानुवर्षं काम केलेली माणसं चार दिवस अडखळली आणि पुढे चालू लागली, कारण त्यांना खालचा हिशेब माहीत होता.

म्हणून माझा आग्रह असा. सुट्टीत मुलाला ओळखीच्या एका दुकानाचा एक महिना द्या. किराणा, स्टेशनरी, झेरॉक्स, काहीही चालेल. खरेदीची बिलं, रोजची विक्री, रोख किती, यूपीआयने किती, उधारी कोणाकडे, भाडं, वीज, दुकानातल्या नोकराचा पगार. हे सगळं आधी वहीत. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) लिहायची, त्यावरून खतावणी (प्रत्येक खात्याचा वेगळा हिशेब), शेवटी तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंचा ताळा) जुळवायची. ती पहिल्यांदा जुळत नाही, आणि चूक शोधण्यातच खरं शिक्षण होतं. मग तोच महिना स्प्रेडशीटमध्ये उतरवायचा. त्यानंतर, हवं तर, टॅलीत. टॅलीप्राइमची एज्युकेशनल आवृत्ती परवान्याशिवाय चालते. तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी करता येतात, पण शिकायला तेवढ्या पुरतात.

एमएस-सीआयटीला माझा विरोध नाही. २००१ पासून हा कोर्स चालू आहे, सरकारी नोकरीच्या अर्जात लागतो आणि घरात कधी संगणक न पाहिलेल्या मुलाला त्याने आधार मिळतो. टायपिंगचंही तसंच. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, ही मी प्रत्येक मुलाला सुचवते. बोटं तयार असली की डोकं हिशेबाकडे राहतं.

ऐरोलीची_आई

ताई, फार उपयोगी धागा. माझा मुलगा सीबीएसईला नववीत गेला. शाळेने सहावा विषय म्हणून दोन पर्याय दिलेत, ४०२ आयटी आणि ४१७ एआय. सगळे पालक एआयच्या मागे लागले आहेत. ऐरोलीत राहतो, समोर माइंडस्पेसच्या, म्हणजे आयटी कंपन्यांच्या इमारती, त्यामुळे 'एआय नाही घेतलं तर मागे पडेल' हे रोज ऐकू येतं. मुलाला पुढे बीबीए किंवा बीकॉमकडे जायचं आहे. कुठला विषय घ्यावा?

वाशी_आयटी_शिक्षक

ताई, मी ज्युनियर कॉलेजला आयटी शिकवतो आणि सीबीएसईची मुलंही माझ्याकडे येतात, म्हणून उत्तर देतो. दोन्ही विषय ५० गुण लेखी, ५० गुण प्रात्यक्षिक असे आहेत. ४०२ मध्ये दहावीला स्टाइल वापरून नीट दस्तऐवज तयार करणं, स्प्रेडशीटचा पुढचा भाग आणि डेटाबेस येतो. धंद्याच्या बाजूला जाणाऱ्या मुलाला हे तिन्ही आयुष्यभर लागतं. ४१७ मध्ये एआय प्रकल्पाचे टप्पे, डेटा आणि थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) येतं. विषय चांगला आहे, पण ज्या मुलाला टेबल म्हणजे काय आणि त्यातली एक ओळ म्हणजे काय हे पक्कं कळलेलं नाही, त्याच्यासाठी तो पाठांतर होऊन बसतो. तुमच्या मुलासाठी मी ४०२ म्हणेन. आणि शाळेत जाऊन एकच गोष्ट विचारा: आठवड्यात किती तास मुलं प्रत्यक्ष लॅबमध्ये बसतात? याच्या उत्तरावरून विषय निवडा, नावावरून नको. दहावीला विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्रात मूल अडलं तर उत्तीर्ण झालेला हा कौशल्य विषय त्याच्या जागी धरतात, हाही एक आधार असतो.

आता राज्य मंडळाबद्दल, कारण इथे पालकांचा बराच गोंधळ असतो. अकरावी-बारावीला आयटी हा विषय आर्ट्स, कॉमर्स, सायन्स तिघांनाही घेता येतो आणि बहुतेक मुलं तो दुसऱ्या भाषेच्या जागी घेतात. परीक्षा कागदावर नसते, संगणकावर ऑनलाइन होते, वर प्रात्यक्षिक. सायन्सचा बायफोकल कॉम्प्युटर सायन्स हा वेगळाच प्रकार, तो २०० गुणांचा, दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडून घेतात आणि त्याचे प्रवेशही वेगळे होतात. कॉमर्सवाल्यांनी त्याच्या मागे धावू नये.

अकरावीच्या आयटीच्या पुस्तकात वेब डिझाइन, डेटाबेस, सायबर कायदा यांच्याबरोबर ग्नूखाता हे जमाखर्चाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते ज्यांच्या पुढाकाराने तयार झालं ते कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन प्रोग्रामर आहेत. मी वर्गात हे आवर्जून सांगतो. आपल्या इथला माणूस डोळ्यांनी न पाहता हिशेबाचं सॉफ्टवेअर उभं करतो, हे ऐकल्यावर मुलं त्या धड्याकडे निराळ्या नजरेने बघतात. बीके (बुक-कीपिंग) शिकवणाऱ्या मॅडम आणि मी एकच उदाहरण दोन्ही तासांना घेतो, तेव्हा मात्र खरी गंमत येते. तो मेळ प्रत्येक कॉलेजात बसायला हवा. एका मजल्यावर मुलं नावे-जमा शिकतात, दुसऱ्या मजल्यावर ग्नूखाता, आणि ही एकच गोष्ट आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

कोपरी_वाचक

सर, तुमच्या एका वाक्यावर मला थांबावंसं वाटतं. 'बहुतेक मुलं दुसऱ्या भाषेच्या जागी घेतात.' म्हणजे ठाण्यातली मराठी माध्यमातून आलेली मुलं अकरावीत मराठी सोडतात, कारण आयटीत गुण जास्त मिळतात. मला हे फार लागतं. मी एका पतपेढीत वसुलीचं काम बघतो. थकबाकीदाराला पाठवायचं पत्र, सभासदांना वार्षिक सभेची सूचना, इतिवृत्त, हे सगळं मराठीत असतं. बीकॉम झालेली मुलं येतात, एक्सेल सुंदर करतात, आणि दहा ओळींचं पत्र लिहिताना घाम फुटतो. कोणाला 'आपण' म्हणायचं, थकबाकी मागताना माणूस न दुखावता कसं लिहायचं, हेसुद्धा व्यवसाय शिक्षणच आहे.

वाशी_आयटी_शिक्षक

तुमचं दुःख मला मान्य आहे आणि मी स्वतः मराठी माध्यमाचा आहे. तरीही एक बाजू सांगतो. माझ्या वर्गात घणसोली, दिघा, रबाळे इथून मुलं येतात. त्यांच्यातल्या अनेकांना संगणकासमोर एकट्याने तासभर बसायला मिळतं ते आयटी घेतल्यामुळेच. तो तास त्यांच्याकडून काढून घ्यायला मी तयार नाही. शाळेने आणि मंडळाने दोन्ही घेता येईल अशी रचना करावी, हे मी प्रत्येक बैठकीत मांडतो. तोवर प्रात्यक्षिकात मी सगळी वेबपानं आणि पत्रं युनिकोड मराठीत करून घेतो.

कोपरी_वाचक

ते करता हे वाचून बरं वाटलं. मत मात्र बदललं नाही. अकरावीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी मराठी ठेव आणि संगणक बाहेर शीक असंच सांगेन.

तुर्भे_गाळा

नमस्कार. आमचा एपीएमसीत कांदा-बटाट्याचा गाळा आहे, वडिलांपासून. मी बारावी कॉमर्स. ताईंनी किराणा दुकान म्हटलं तसं मी हिशेबपट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, सांगतो, कारण माझ्या पुतण्याला मी त्यावरच शिकवलं.

शेतकऱ्याचा माल येतो, त्याची प्रतवारी होते, वेगवेगळ्या भावाने जातो आणि संध्याकाळी पट्टी करायची असते. समजा २,५०० किलो कांदा आला. त्यातला १,५०० किलो १८ रुपयांनी गेला, ७०० किलो १५ ने आणि गोलटी, म्हणजे बारीक कांदा, ३०० किलो ९ ने. आकडे उदाहरणापुरते आहेत. पुतण्याला विचारलं, सरासरी भाव काय पडला? त्याने तिन्ही भाव मिळवून तीनने भागले, १४ रुपये. मी म्हटलं, आता पट्टी कर. २७,००० अधिक १०,५०० अधिक २,७००, एकूण ४०,२००. भागिले २,५०० किलो, म्हणजे १६ रुपये ८ पैसे. शेतकऱ्याला १४ सांगितले तर किलोमागे दोन रुपयांच्या वर फरक पडतो, पूर्ण मालावर ५,२०० रुपये. तो माणूस रात्रभर ट्रकमध्ये बसून आलेला असतो. त्या दिवशी पोराला वजनाप्रमाणे सरासरी म्हणजे काय ते कळलं. त्यानंतर मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा करायची, हे सगळं त्याने एक्सेलमध्ये बसवलं. आता रोजच्या पट्ट्या तोच काढतो.

आमच्या मार्केटच्या आजूबाजूला एवढ्या शाळा आहेत. एकदा मुलांना घेऊन या, पहाटे या. मसाला मार्केट, धान्य मार्केट, फळ मार्केट, प्रत्येकाची वही वेगळी. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शिक्षण म्हटलंय ना, त्यातला एक दिवस इथे द्या.

महापे_डेटा

गाळेवाले दादा, तुमचा प्रतिसाद मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला. आमच्याकडे इंजिनियर होऊन आलेली मुलंही सरासरीची सरासरी काढतात.

मी डेटावर काम करते, म्हणून स्प्रेडशीटबद्दल थोडं लिहिते. शाळेत स्प्रेडशीट म्हणजे बेरजेचं सूत्र आणि रंगीत आलेख इथेच थांबतं. त्याच्या आधी एक पायरी आहे: कुठला आकडा हा आकडा आहे आणि कुठला फक्त आकड्यांनी लिहिलेलं नाव आहे. मोबाइल नंबर, बँकेचा खाते क्रमांक, बारकोड यांची कधी बेरीज होत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून ठेवायचे. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकेपणा ठेवतं. १६ अंकी कार्ड नंबर संख्या म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. आपल्याच पोरांच्या पहिल्या नोकरीत अशी चूक झाली तर पैसे भलत्याच खात्यात जातील.

मोठ्या देशांतही हे घडतं. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधण्याचं काम त्यामुळे दिवसांनी मागे पडलं. मुलांना मी हे सांगते तेव्हा फाइलच्या प्रकाराचा कंटाळवाणा धडा ती लक्ष देऊन ऐकतात.

घरी करण्यासारखा एक प्रयोग. कुठल्याही बिस्किटाच्या पुड्यावरचा १३ अंकी बारकोड घ्या. डावीकडून विषम जागांवरचे अंक तसेच मिळवा, सम जागांवरच्या अंकांची बेरीज तीनपट करून त्यात घाला. उत्तर दहाने भागलं गेलंच पाहिजे, कारण शेवटचा अंक त्यासाठीच ठेवलेला असतो. एक अंक मुद्दाम चुकवा आणि काय होतं ते पाहा. हे आधी कागदावर, मग स्प्रेडशीटमध्ये, मग पायथनमध्ये पाच-सहा ओळींत. सुरुवात ८९० ने असेल तर क्रमांक भारतातल्या जीएस१ या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतलेला आहे एवढंच कळतं, माल भारतात बनला असं त्यावरून म्हणता येत नाही. दुकानदाराच्या गल्ल्यावर 'टुक' आवाज का होतो, हे ज्या मुलाने स्वतः काढून पाहिलं त्याला कोडिंग शिकवावं लागत नाही, ते मूल पुढचं स्वतःच विचारतं.

घणसोलीकर

इथे पैशांबद्दलही बोललं पाहिजे. माझ्या मुलीला दहावीच्या निकालाआधीच एका क्लासने 'फुल स्टॅक आणि डिजिटल मार्केटिंग' असा जोडकोर्स हप्त्यावर देऊ केला. हप्ता म्हणजे प्रत्यक्षात माझ्या नावावर कर्ज होतं. कागद नीट वाचले म्हणून कळलं. कोर्स मध्येच सोडला तरी हप्ते थांबणार नव्हते. सर्व पालकांना हात जोडून विनंती, सही करण्याआधी कर्ज देणारी संस्था कोण आहे ते वाचा. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला नोकरीची हमी देणाऱ्याकडे जाऊच नका.

कोपरखैरणे_अकरावी

ताई, सर, मी अकरावी कॉमर्सला आहे. बाबा माथाडी कामगार आहेत. घरात लॅपटॉप नाही, एक मोबाइल आहे तो मी आणि भाऊ वापरतो. कॉलेजात आयटी मिळालं नाही, जागा भरल्या होत्या. तुम्ही सांगता ते सगळं मी कसं करू?

नौपाडा_जमाखर्च

बाळ, तुला लॅपटॉपची वाट पाहावी लागणार नाही. पहिले दोन महिने वही आणि पेन. मी वर लिहिलेला दुकानाचा महिना तू कुठल्याही ओळखीच्या दुकानात कर, दुकानदाराला सांग की वही तुम्हालाच देऊन जाईन. मोबाइलवर गूगल शीट्स फुकट आहे. बोटाने सूत्र लिहायला त्रास होतो, पण होतं. आयटीचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं, विषय घेतला नसला तरी वाचायला कोणी अडवत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचे धडे मराठीत आहेत, छोटे छोटे आहेत, बघ आणि लगेच करून पाहा. लॅबसाठी तुमच्या आयटीच्या सरांना थेट विचार. प्रात्यक्षिक नसलेल्या वेळी बसू देता का, एवढंच. शिक्षक नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आणि बारावीनंतर लगेच कमवायची गरज असेल तर आयटीआयचा कोपा हा एक वर्षाचा संगणक ऑपरेटरचा ट्रेड लक्षात ठेव. त्याला दहावी पास लागतं. पण माझं ऐकशील तर बीकॉम सोडू नकोस.

वाशी_आयटी_शिक्षक

बाळा, कॉलेज वाशी-कोपरखैरणे पट्ट्यातलं असेल तर मला खासगी निरोप पाठव. तिथल्या शिक्षकांशी मी बोलतो.

ऐरोलीची_आई

आणखी एक विचारते. मुलाचे मित्र इन्स्टाग्रामवर टी-शर्ट आणि मोबाइल कव्हर विकतात. मुलगाही म्हणतो मला धंदा करायचाय. शिकण्यासाठी चांगलं वाटतं, पण कायद्याने चालतं का?

कळवा_वकील

शिकण्यासाठी चांगलंच आहे, फक्त व्यवहार मोठ्या माणसाच्या नावाने ठेवा. १८७२ च्या करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करायला सक्षम धरली जात नाही, आणि अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्द ठरतो हे १९०३ च्या न्यायनिवाड्यापासून पक्कं आहे. म्हणून पुरवठादाराशी बोलणी, ऑनलाइन दुकानाचं खातं, कुरिअरशी करार हे आई किंवा वडिलांच्या नावाने. बँकेचं बचत खातं मात्र दहा वर्षांवरील मूल स्वतः चालवू शकतं, रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. रकमेची मर्यादा बँक ठरवते. जीएसटीची नोंदणी राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख उलाढालीपर्यंत लागत नाही, पण मोठ्या ऑनलाइन मंचावरून किंवा राज्याबाहेर विकायचं असेल तर नियम वेगळे पडतात, तेव्हा आधी विचारून घ्या. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर मुलाने मित्रांत वाटायचे नाहीत, हे पहिल्या दिवशी बजावा.

महापे_डेटा

जीएसटीचा विषय निघालाच आहे तर नववी-दहावीच्या मुलांना सांगण्यासारखं एक. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, १२ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ वर आणि २८ मधल्या बहुतेक १८ वर आल्या. ज्यांनी प्रत्येक ओळीच्या सूत्रात १२ टक्के लिहून ठेवलं होतं त्यांना हजारो खणांत हात घालावा लागला. ज्यांनी दरांचा तक्ता वेगळ्या पानावर ठेवून तिथून दर उचलला होता त्यांनी एक खण बदलला. जुन्या बिलांना जुनाच दर राहिला पाहिजे, म्हणून त्या तक्त्यात 'कधीपासून' ही तारीखही हवी. प्रोग्रामिंगमधली एवढी महत्त्वाची गोष्ट शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

कोपरखैरणे_अकरावी

ताई, मी आमच्या खालच्या स्टेशनरीवाल्या काकांना विचारलं, ते हो म्हणाले. पहिलंच बिल अडलं. बिलावर कराआधीचा भाव १,००० आहे, १० टक्के सूट आहे आणि जीएसटी १८ टक्के. काकांनी पैसे लगेच यूपीआयने दिले. खरेदी १,००० लिहू की ९००? आणि कर कशावर?

नौपाडा_जमाखर्च

छान सुरुवात केलीस. ही व्यापारी सूट आहे आणि बिलावरच दाखवली आहे, म्हणून तिची वहीत वेगळी नोंद होत नाही. खरेदी ९०० ची. कर ९०० वरच, १६२ रुपये, त्यातला ८१ केंद्राचा आणि ८१ राज्याचा. बँकेतून गेले १,०६२. काका जीएसटीत नोंदलेले असतील तर १६२ वेगळ्या खात्यात नावे टाक, ते पुढे विक्रीच्या करातून वजा होतील. नोंदलेले नसतील तर १६२ त्यांना परत मिळणार नाहीत, म्हणजे खरेदीच १,०६२ ची धर. बिलावर काकांच्या नावाखाली २७ ने सुरू होणारा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक आहे का ते आधी बघ आणि इथे सांग, मग पुढचं बिल घेऊ.